हलशीचा चढ

आमच्या बेळगावकडच्या खानापूरहून हलशीला जाताना चढ लागतो, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. त्याआधी त्या रस्त्यानं किती वेळा गेलो असेन, त्याचा हिशेब नाही. लग्नं, बारशी, बाराव्याची जेवणं, झालंच तर सोयरिकी जुळवायला. पण सगळं बसनं नाहीतर स्कूटरवरनं. चढ काय तो ड्रायव्हरनं गिअर बदलला की कानाला कळायचा.

मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याची सायकल पडवीत राहिली. एकवीस गिअर आहेत म्हणे. माझं तीनावर भागतं.

नोव्हेंबर संपत आलेला. सकाळी मलप्रभेच्या पुलावर पोचलो तर खाली नदी नव्हतीच, नुसतं धुकं. पाण्याचा आवाज तेवढा येत होता. ही नदी आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. पश्चिमेचा समुद्र तिथून जवळ. पण बाई पाठ फिरवून पूर्वेला निघते ती कूडलसंगमापर्यंत, ३०० किलोमीटरच्या वर चालून कृष्णेला मिळते. आणि त्याच तालुक्यातली म्हादई गोव्याकडे उतरते. म्हणजे एका शिवारात पडलेला पाऊस बंगालच्या उपसागरात जाणार, दुसऱ्या शिवारातला अरबी समुद्रात. शाळेत हे पाठ केलं होतं, मार्कही मिळाले होते. पण पाणी कुठल्या अंगाला कलतं हे सायकलवर बसल्याशिवाय खरं वाटत नाही. डोळ्याला रस्ता सपाट दिसतो आणि मांडी सांगते, नाही रे बाबा, चढ आहे.

नंदगडच्या अलीकडे रस्ता अर्धाच उरला होता. उरलेल्या अर्ध्यावर नाचणा पसरलेला, कडेला धोंडे मांडून हद्द आखलेली. सुगीत आमच्याकडे डांबरी रस्ता हेच खळं. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली कणसं मळून निघतात, बैल नकोत की यंत्र नको. याच्यावर कुणी पेपरात पत्र लिहितं, अपघात होतात म्हणतं, आणि ते खोटंही नाही. पण तो वास! ऊन लागलेल्या काडाचा, थोडा धुळीचा. गाडीच्या काचा वर असल्या की तो मिळत नाही.

मी थांबलो. धोंड्यांच्या पलीकडनं ट्रॅक्टर येत होता, आणि पिकावरनं सायकल घालायला मन होईना. कडेला एक आजी खराटा घेऊन बसली होती. म्हणाली, “जा की वरनंच.”

“नाचणा खराब होईल की आजी.”

“तुझ्या सायकलीनं काय हुतंय? ट्रक आला असता तर मळणी तरी झाली असती.”

एवढा अपमान झाल्यावर वरनंच गेलो. चाकाखाली चुरचुर वाजलं. पलीकडच्या टोकाला गेल्यावर तिनं मागून हाक मारून सांगितलं, येताना पण वरनंच ये.

पुढचा चढ गिअर न बदलता मारायचा, असं मी उगाच ठरवलं. अर्ध्यात चेन उतरली. हात काळे करून ती बसवत होतो तर एक म्हातारबाबा थांबले, कानडीत म्हणाले, “येल्लीगे होंटीरी?” म्हणजे कुठं निघालात. हलशी, म्हटलं. “हलशी? सायकल म्याले?” आणि एकटेच हसत गेले. आमच्या भागात माणसाला वेड्यात काढायला दोन भाषा आहेत.

हलशी म्हणजे पूर्वीची पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. दीड हजार वर्षांपूर्वी त्यांनी दानं दिली त्याचे ताम्रपट इथं सापडले. त्यात जमिनी कुणाला दिल्या ते आहे, चढाची तक्रार कुणी केलेली नाही. आज गाव कौलारू, शांत. भूवराह नरसिंहाचं देऊळ नंतरचं, गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. त्यात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकीकडे वराह, दुसरीकडे नरसिंह. धापा टाकत मधल्या मंडपात टेकलो आणि पंचाईत झाली, पाठ करायची कुणाकडे? शेवटी खांबाला टेकून आडवा बसलो, दोघांकडे एकेक खांदा. दगड गार होता. अर्धा तास तरी गेला असेल.

येताना नंदगडजवळ रायण्णाच्या समाधीकडे सायकल वळवली. कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या या संगोळ्ळी रायण्णाला त्यांनी १८३१ साली, २६ जानेवारीला इथं फाशी दिलं. समाधीवरच्या वडाला लाकडी पाळणे बांधलेत. मूल व्हावं म्हणून बायका नवस बोलतात, त्याचे. लढून मेलेल्या तरण्याकडे लोक पाळणा मागतात. तिथं थोडा वेळ नुसता उभा राहिलो.

उतरताना पायडल मारावंच लागत नव्हतं. नाचण्यापाशी आलो तर आजी काड उलटंपालटं करत होती. मान वर न करता तिनं खराट्यानंच दाखवलं, जा वरनं.

घरी पोचल्यावर अंगणात सायकल उलटी केली. टायरच्या खाचांत नाचण्याचे तांबडे दाणे गच्च बसलेले. काडेपेटीची काडी घेऊन एकेक उकरायला लागलो. बायको चहा घेऊन आली, बघत उभी राहिली.

“अहो, वाटेत मळणीला गेला होता की काय?”

“गेलो होतो,” म्हटलं. “पण घेतलं नाही कामावर.”