तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन प्रायव्हेट सर्च इंजिन मी लगेच का काढून टाकते

प्रश्न साधारण असा येतो, "तू तर एवढं प्रायव्हसी प्रायव्हसी करतेस, मग मी पाठवलेलं ते नवीन सर्च इंजिन का नाही वापरत?" विचारणारे वेगवेगळे असतात, कधी सोसायटीच्या ग्रुपवरचे काका, कधी ऑफिसातली ज्युनियर पोरं, आणि सगळ्यात जास्त वेळा माझा भाचा, जो हिंजवडीत नुकताच नोकरीला लागलाय आणि ज्याला सतत काहीतरी नवीन सापडत असतं. प्रायव्हेट सर्च इंजिन म्हणजे तुम्ही काय शोधता याची नोंद आम्ही ठेवत नाही असं सांगणारं सर्च इंजिन. ग्रुपवर दोन ओळीत उत्तर दिलं की लोकांना वाटतं ही बाई नुसती खुसपटं काढते. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

माझं काम काय ते आधी सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी बाणेरच्या एका कंपनीत अ‍ॅपच्या स्क्रीन डिझाइन करते, त्यातही मुख्यतः ऑनबोर्डिंग, म्हणजे अ‍ॅप पहिल्यांदा उघडल्यावर पहिल्या मिनिटाभरात तुमच्यासमोर जे जे येतं ते सगळं. त्यामुळे "स्किप" हा शब्द फिकट राखाडी आणि बारीक का असतो, "पुढे जा" हिरवंगार आणि अंगठ्याखाली येईल असं का असतं, हे योगायोगाने होत नाही हे मला माहितीये, त्यामागे मीटिंग झालेली असते, कुठल्या स्क्रीनवर किती लोक गळाले त्याचा चार्ट असतो आणि कुणीतरी म्हणालेलं असतं की बघ ना ते बटण जरा हलकं करता येतंय का.

तर भाच्याने पाठवलेल्या ताज्या सर्च इंजिनचं सांगते (नाव घेत नाही, अशी बरीच आहेत). उघडल्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, आम्ही तुम्हाला ओळखत नाही. छान. त्याच्या बरोबर खाली चौकोन, ईमेल टाका. ईमेल टाकल्याशिवाय एकही शोध नाही. ईमेल दिला तर ओटीपी, मग एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाका, मग हेच डिफॉल्ट करा (म्हणजे ब्राउझरमध्ये काहीही शोधलं की आपोआप हेच वापरलं जाईल), मग नोटिफिकेशन चालू करा (सर्च इंजिनला नोटिफिकेशन कशाला हवंय, मी काय शोधलं ते मला आठवण करून देणार का?), मग मित्रांना बोलवा म्हणजे अमुक फुकट मिळेल, आणि या सगळ्याला नको म्हणायचं असेल तर बटणावर लिहिलेलं, "नको, मला ट्रॅक होऊ दे". इथेच मी टॅब बंद केला. भाचा म्हणतो, मावशी तू रिझल्ट तरी बघायचेस. अरे बघू दिले कुठे त्यांनी!

आता यावर लोक म्हणतात की एवढ्यावरून काय, साइनअप तर सगळेच मागतात. हो, मागतात. पण किराणा मागवायचं अ‍ॅप माझा नंबर मागतं तेव्हा त्याने आधी "मला तुमच्याबद्दल काही जाणून घ्यायचं नाही" असं म्हटलेलं नसतं. इथे विकायला ठेवलेली वस्तूच ती आहे. आणि ती वस्तू तपासता येत नाही. रिझल्ट चांगले की भंगार हे मला दोनचार शोधांत कळतं, पण माझे शोध त्यांच्या सर्व्हरवर किती दिवस राहतात, त्यासोबत माझ्या इंटरनेट कनेक्शनचा पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस साठवतात का, कुणाला देतात का, हे मला माझ्या खुर्चीत बसून आयुष्यात दिसणार नाही. मग पुरावा म्हणून माझ्या हातात काय राहतं, तर ही मंडळी मला दिसतं तिथे कशी वागतात तेवढंच. आणि मला दिसतं ते फक्त दार. दारातच ढकलाढकली करणारा माणूस आतल्या खोलीत अगदी सभ्य असेलही, पण मी ते का गृहीत धरू?

शोध म्हणजे किती खासगी गोष्ट आहे याचा अंदाज लोकांना नसतो असं मला नेहमी वाटतं. पुण्यातल्या कुठल्याही घरातल्या एका महिन्याचे शोध घ्या, कोथरूडमधले मानसोपचार डॉक्टर, बिल्डरने ताबा दिला नाही महारेरा तक्रार कशी करायची, सीईटीला एवढे पर्सेंटाइल तर कुठलं कॉलेज, छातीत उजवीकडे दुखतं गॅस की हार्ट. नाव नसलं तरी हे घर कुणाचं ते बिल्डिंगमधल्या चार लोकांना कळेल. हे मी मनाने म्हणत नाहीये, असं घडलेलं आहे. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने संशोधकांसाठी म्हणून साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांचे सुमारे दोन कोटी शोध उघड करून टाकले, नावांच्या जागी आकडे घातले होते, आणि तरी न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार नुसते शोध वाचत वाचत जॉर्जिया राज्यातल्या एका वयस्कर बाईंच्या घरापर्यंत पोचले. कंपनीला फाइल काढून घ्यावी लागली, पण तोपर्यंत ती सगळीकडे पसरली होती. त्यामुळे "आम्ही डेटा अनामिक करतो" या वाक्याने माझं समाधान होत नाही, आणि इथे तर अनामिक करायच्या आधी ईमेलच मागताहेत.

एक्स्टेन्शनचं तर वेगळंच. डिफॉल्ट सर्च बदलायला एक्स्टेन्शन लागतंच असं नाही, क्रोम किंवा फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन तुम्ही हाताने सर्च इंजिन घालू शकता, दोन मिनिटांचं काम आहे. पण ऑनबोर्डिंगमध्ये हे कुणी सांगत नाही, एक्स्टेन्शनच पुढे करतात, आणि ते टाकताना ब्राउझर विचारतो की याला सर्व वेबसाइट्सवरचा तुमचा डेटा वाचायची आणि बदलायची परवानगी द्यायची का. ट्रॅकर (तुम्ही कुठल्या साइटवर काय करता ते टिपणारे कोड) ब्लॉक करणाऱ्या एक्स्टेन्शनला ही परवानगी खरंच लागते, ते मान्य. पण नुसता सर्च बॉक्स बदलण्यासाठी एवढी मोठी किल्ली? आणि एक्स्टेन्शन आपोआप अपडेट होतं, उद्या कंपनी विकली गेली तर मालक बदलतो, परवानगी तशीच राहते. प्रायव्हसीच्या नावाखाली घेतलेली ही सगळ्यात मोठी परवानगी असते आणि लोक ती सगळ्यात पटकन देतात कारण समोर ढालीचं चित्र असतं.

बरं, ही माणसं असं का करतात? लोभीच असतात असं मला नाही वाटत. खरं कारण डिफॉल्टमध्ये आहे. अमेरिकेत गूगलवर मक्तेदारीचा खटला चालला, त्याचा निकाल ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायमूर्ती अमित मेहता यांनी दिला, आणि त्यात बाहेर आलं की नुसतं ब्राउझर आणि फोनमध्ये डिफॉल्ट राहण्यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले होते. इतके पैसे कुणी उगाच देत नाही, लोक सेटिंग बदलत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. नीवा नावाच्या प्रायव्हेट सर्च इंजिनचं उदाहरण बघा. गूगलच्या जाहिरात विभागाचे एकेकाळचे प्रमुख श्रीधर रामस्वामी यांनी काढलेलं, जाहिरात नाही, ट्रॅकिंग नाही, रिझल्टही चांगले होते म्हणतात. मे २०२३ मध्ये बंद करतोय म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनी साधारण असं लिहिलं होतं की लोकांना पैसे द्यायला पटवणं त्यामानाने सोपं गेलं, पण आधी एकदा वापरून बघायला तयार करणं महाकठीण होतं. नंतर कंपनी स्नोफ्लेक या डेटा कंपनीने घेतली. म्हणजे दारावरून जाणारा माणूस परत येणार नाही या भीतीने नवीन कंपन्या त्याची बाही धरतात. मला त्यांची कीव येते, खरंच. पण म्हणून बाही धरू द्यायची असं नाही ना.

एक गंमत अशीपण आहे की प्रामाणिक सर्च इंजिनसुद्धा कधी कधी जास्त भुणभुण करतं. तुम्ही पॉपअप बंद केलात हे लक्षात ठेवायला कुकी (साइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद) लागते, आणि तुमच्यासारख्या काळजीवाल्या माणसाने ब्राउझर बंद करताना कुकी पुसायचं सेटिंग ठेवलेलं असतं, मग ते बिचारं तुम्हाला रोज नव्याने भेटतं आणि रोज तेच विचारतं. यावर उपाय आहेत. डकडकगो या प्रायव्हेट सर्च इंजिनमध्ये सेटिंग्ज थेट वेबपत्त्यातच घालून बुकमार्क करता येतात, इन्स्टॉल करा वगैरे आठवणी बंद करता येतात, इतकंच काय जाहिरातीही बंद करायचं बटण आहे. ज्यांच्या कमाईचा मार्गच जाहिरात आहे त्यांनी ते बटण ठेवलंय, याचे मी मार्क देते.

पण मग डकडकगोवर डोळे मिटून भरवसा? तोही नाही. त्यांच्या फोनवरच्या ब्राउझरमध्ये दुसऱ्या साइट्सवरचे मायक्रोसॉफ्टचे काही ट्रॅकर ब्लॉक होत नव्हते, कारण सर्च रिझल्टसाठी मायक्रोसॉफ्टशी केलेल्या करारात तशी अट होती. हे मे २०२२ मध्ये एका बाहेरच्या संशोधकाने शोधून काढलं. कंपनीच्या प्रमुखांनी, गॅब्रिएल वाइनबर्ग यांनी, ते मान्य केलं आणि ऑगस्टमध्ये ब्लॉक करायला सुरुवात केली. सर्चचा त्याच्याशी संबंध नव्हता, ब्राउझरचा होता, पण सामान्य माणूस इतका फरक कुठे करतो. मला यातून कळलं ते इतकंच की रिझल्ट कोण पुरवतो हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. खूप नवीन इंजिनं म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनवर चढवलेला नवा रंग असतो. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२५ मध्ये बिंगचा तो बाहेरच्यांसाठीचा एपीआय (ज्यातून इतर कंपन्यांना बिंगचे रिझल्ट मिळायचे) बंदच केला, तेव्हा अशा छोट्या इंजिनांच्या पायाखालची जमीन सरकली. स्वतः वेब धुंडाळून स्वतःची अनुक्रमणिका बनवणारे फार थोडे, ब्रेव्ह आहे, इंग्लंडचं मोजीक आहे, बाकी मोठ्या कंपन्या.

आणि खातं मागणं हेच पाप असंही माझं म्हणणं नाही. कागी नावाचं सर्च इंजिन अमर्याद शोधांसाठी महिन्याला दहा डॉलर घेतं, म्हणजे आठनऊशे रुपये, तर पैसे घेणाऱ्याला खातं ठेवावंच लागणार. पण माझे पैसे आणि माझे शोध एकाच नावाखाली जमा होतात हा आक्षेप त्यांच्यावर सतत यायचा, त्यावर त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रायव्हसी पास आणला, ज्यात तुम्ही पैसे भरलेत एवढंच सर्व्हरला कळतं, तुम्ही कोण ते कळत नाही, गणिताच्या जोरावर. महाग आहे, माझ्या ओळखीतलं कुणी घेणार नाही, पण आक्षेप आला आणि डिझाइन बदललं, हे मला आवडलं.

आपल्याकडे कायद्यात यावर काहीच नाही असं काकांना वाटतं, ते खरं नाही. लक्ष्मी रोडवर कुठल्याही दुकानात बिल करताना मोबाइल नंबर मागतात ना, त्यावर मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना सांगितलंय की नंबरचा आग्रह धरू नका. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला डार्क पॅटर्नबद्दलची (म्हणजे ग्राहकाला चकवून हवं ते करून घेणाऱ्या डिझाइनबद्दलची) मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात तेरा प्रकार दिलेत, आणि त्यातला एक चक्क नॅगिंग, म्हणजे भुणभुण. अ‍ॅप डाउनलोड करा म्हणून पुन्हा पुन्हा विचारणं, सुरक्षेच्या नावाखाली फोन नंबर मागणं, "नाही" म्हणायची सोयच न देता नोटिफिकेशन चालू करा म्हणत राहणं, ही उदाहरणं त्यातच आहेत. लाज वाटायला लावणारं ते "मला ट्रॅक होऊ दे" बटण, त्याचाही वेगळा प्रकार आहे, कन्फर्म शेमिंग. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती मोकळेपणाने दिलेली आणि बिनशर्त हवी, आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं हवं, असं लिहिलंय. अंमल किती होतो ते सोडा, पण मी ऑफिसात राखाडी बटणावर भांडते तेव्हा हे कागद कामाला येतात.

तर मी काय बघते ते सांगते. प्रायव्हेट विंडो उघडायची आणि काहीही न भरता एक शोध लावायचा. लागला तर पुढे. "नको" हे बटण "हो" एवढंच आहे का बघायचं. मग प्रायव्हसी पॉलिसीत फक्त दोन गोष्टी शोधायच्या, आयपी अ‍ॅड्रेसचं काय करतात आणि जाहिरातीवर क्लिक केलं तर ते कुणाकडे जातं. डकडकगोने तिथे सरळ लिहिलंय की जाहिरातीवर क्लिक केलंत की मायक्रोसॉफ्टला तुमचा आयपी दिसतो, हिशोबासाठी. असं न आवडणारं वाक्य ज्याने न लपवता लिहिलंय त्याच्यावर माझा जरा जास्त विश्वास बसतो. ज्यांच्या पॉलिसीत सगळंच गोड गोड आहे तिथे मी थांबत नाही. आणि खाजगी सर्च लावलं म्हणजे झालं असंही नाही हं, रिझल्टवर क्लिक करून ज्या साइटवर गेलात ती तुमच्याबद्दल काय गोळा करते त्यावर यातलं कुणी काही करू शकत नाही.

सध्या माझ्या लॅपटॉपवर डकडकगो आहे, जोडीला ब्रेव्ह सर्च. मराठीत शोधायचं असेल किंवा सदाशिव पेठेत रविवारी संध्याकाळी कुठला चष्मेवाला उघडा आहे असलं काही हवं असेल तर मी गूगलवर जाते, लॉगिन न करता, कारण तिथे बाकीच्यांचे रिझल्ट अजून फारच कच्चे आहेत. आईच्या फोनवर तर गूगलच आहे. ती मराठीत बोलून शोधते, तिला हवं ते पहिल्या ओळीत मिळतं. मागे एकदा तिला डकडकगो लावून दिलं होतं, संध्याकाळपर्यंत तिने शेजारच्या मुलाकडून परत होतं तसं करून घेतलं, आणि मला सांगितलंही नाही.