तुम्ही विचारलंत म्हणून : एकाच आवाजाची बेस गिटार

कार्यक्रम संपल्यावर भेटायला येणारे तरुण वादक मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात : "ताई, हल्ली पाच-सहा तारांच्या, बॅटरीवर चालणाऱ्या, हवा तो आवाज देणाऱ्या बेस गिटार सहज मिळतात. मग तुम्ही अजून ही दोनच बटणांची प्रिसिजन का वाजवता?" प्रश्न रास्त आहे आणि विंगेत उभ्याउभ्या त्याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहिते.

गिटार बनवणारे लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली, तेव्हा त्यांनी ठरवलेली तारेची लांबी ३४ इंच होती आणि फ्रेट, म्हणजे नेकवरच्या (गिटारच्या मानेवरच्या) धातूच्या आडव्या पट्ट्या, २० होते. आजही जगातील बहुतेक बेस गिटार त्याच ३४ इंचांवर बांधल्या जातात. मात्र आपण ज्याला प्रिसिजनचा आवाज म्हणतो तो १९५७ मधील बदलानंतरचा आहे. त्या वर्षी तिच्या पिकअपचे, म्हणजे तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाचे, दोन तुकडे झाले. एक तुकडा ई आणि ए या जाड तारांखाली किंचित नेकच्या बाजूला सरकलेला, दुसरा डी आणि जी या बारीक तारांखाली ब्रिजच्या, म्हणजे तारा शरीरावर जेथे टेकतात त्या पट्टीच्या, बाजूला. दोन्ही तुकड्यांची वेटोळी आणि चुंबके एकमेकांच्या उलट असल्यामुळे विजेची घरघर परस्पर रद्द होते. शिवाय प्रत्येक तार एका चुंबकाच्या डोक्यावरून न जाता दोन चुंबकांच्या मधून जाते. जाड तारांना गोलाई आणि बारीक तारांना घट्टपणा येतो तो या रचनेमुळे, आणि बटण फिरवून हा स्वभाव फारसा बदलत नाही.

एकटी ऐकली तर ही बेस सामान्य वाटते, हे मी मोकळेपणाने सांगते. दुकानात शेजारी नवी बॅटरीची बेस ठेवून दोन्ही वाजवल्या, तर नवीच मन जिंकते, कारण तिचा तळ अधिक खोल असतो आणि वरची चकाकी अधिक असते. पण बेस एकटीने वाजवायचे वाद्य नाही. आमच्या वाद्यवृंदात भावगीते, नाट्यगीते आणि लावण्या असतात, म्हणजे साथीला तबला असतो, ढोलकी असते, हार्मोनियम असते. दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात हे सारे एकत्र वाजू लागले की नव्या बेसचा तो खोल तळ थेट डग्ग्याच्या घुमाऱ्यावर जाऊन बसतो. डग्ग्यावर तळहात सरकवून काढलेली मींड हे तबल्याच्या साथीचे मोठे सौंदर्य आहे, आणि बेसने ती गिळावी यासारखे दुसरे पाप नाही, असे मी मानते. वरची चकाकी तर तबल्याच्या चाटेत आणि झांजेत हरवूनच जाते. उरते ते मधले, आणि तेथे अशा बेसकडे सांगण्यासारखे कमी असते. प्रिसिजनचे बळ नेमके त्या खालच्या-मधल्या पट्ट्यात आहे. डग्गा आपल्या जागी घुमतो, हार्मोनियमचे सूर वर राहतात आणि मधल्या मोकळ्या जागेत बेसचा स्वर स्पष्ट उभा राहतो.

याला श्रोत्याच्या बाजूनेही एक कारण आहे. सुट्या ई तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, आणि मोबाइलचा छोटा स्पीकर तो काढूच शकत नाही. तरीही लोकलमध्ये मोबाइलवर गाणे ऐकणाऱ्याला बेस कळते, कारण त्याच्या पटीतल्या ८२, १२४, १६५ हर्ट्झ आणि त्यावरच्या उपस्वरांतून आपला कान मूळ स्वर मनाशी जुळवून घेतो. ज्या बेसचे हे उपस्वर भरीव असतात, तीच लहान स्पीकरमधून आणि नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतही पोहोचते. मोटाऊन या अमेरिकन ध्वनिमुद्रण कंपनीच्या ध्वनिमुद्रणांतील जेम्स जेमर्सन यांची बेस ऐका. १९६२ ची प्रिसिजन, सपाट वेष्टणाच्या जाड तारा, ब्रिजच्या झाकणाखाली स्पंज आणि उजव्या हाताची केवळ तर्जनी. आवाजाचे पर्याय जवळजवळ नाहीत, तरी प्रत्येक ओळ गाण्यासारखी उलगडते. मीही सपाट वेष्टणाच्याच तारा लावते. मुंबईच्या दमट हवेत आणि घामात गोल वेष्टणाच्या तारांची चमक लवकर मरते. सपाट तारांना मुळातच ती कमी असल्यामुळे त्यांचा आवाज वर्षानुवर्षे फारसा बदलत नाही.

आता प्रिसिजनच्या खोडीबद्दल, कारण तो प्रश्नही पाठोपाठ येतोच. या घडणीच्या बऱ्याच बेसमध्ये जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एक स्वर लवकर विझतो. वादक त्याला डेड स्पॉट म्हणतात. लांब, सडपातळ नेकचीही स्वतःची कंपने असतात, आणि तारेचा स्वर त्या कंपनसंख्येशी जुळला की तारेची ऊर्जा नेक शोषून घेते. पाश्चात्त्य बँडमध्ये हे कधी खटकते, कधी खटकत नाही. आमच्याकडे मात्र अनेक पुरुष गायकांची पट्टी काळी एक असते आणि जी तारेचा सहावा फ्रेट म्हणजे तीच काळी एक. गायकाचा षड्जच अशा ठिकाणी पडतो, की तो धरून ठेवायचा म्हटले तर हाताखालून निसटतो. म्हणून काळी एकमध्ये मी तो षड्ज डी तारेच्या अकराव्या फ्रेटवर घेते, जेथे तोच स्वर अधिक जाड आणि लांब राहतो, किंवा सरळ ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर उतरून खालच्या सप्तकातला लावते. पट्टी पांढरी चार असेल तर ही अडचण सहसा षड्जावर येत नाही. हेडस्टॉकला, म्हणजे नेकच्या टोकाला, छोटे वजन अडकवून विझणारी जागा सरकवता येते, पण ती कोठेतरी राहतेच, आणि मला ती ओळखीच्या जागी असलेली अधिक सोयीची वाटते.

१९६० मध्ये आलेली जॅझ बेस का नाही, असेही विचारतात. तिची नेक अरुंद आहे, हात भरभर फिरतो, आणि दोन पिकअपमुळे तिला रंग अधिक आहेत; अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियस यांनी फ्रेट नसलेल्या जॅझ बेसमधून काढलेला गाता आवाज मला फार प्रिय आहे. परंतु तिची दोन व्हॉल्यूम बटणे सारखी नसली की घरघर सुरू होते, आणि प्रकाशयोजनेचे डिमर चालू असलेल्या रंगमंचावर ती असह्य होते. आपली वीज ५० हर्ट्झची आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरची पांढरी पाच ४९ हर्ट्झची, त्यामुळे तो स्वर लांबवला की दोहोंच्या टकरीतून संथ लाटा ऐकू येतात. शांत भावगीताच्या सुरुवातीला हे मला चालत नाही.

पावसाळ्यात प्रिसिजन थोडे काम मागते. हवेतील ओलाव्याने नेकची वक्रता बदलते, तारा कोठे घासतात तर कोठे उंच होतात, आणि जुन्या पद्धतीच्या नेकमध्ये ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या, वक्रता जुळवणाऱ्या सळईचा) स्क्रू शरीराच्या बाजूला असल्यामुळे तारा सैल करून नेकचे स्क्रू ढिले केल्याशिवाय तो फिरवता येत नाही. हे काम पाव फेरीपेक्षा कमी आणि सावकाश करावे.

तेव्हा धोबी तलावाला किंवा आणखी कोठे बेस पाहायला जाणार असाल, तर एकटे वाजवून निर्णय घेऊ नका. मोबाइलवर तबल्याच्या साथीचे एखादे ध्वनिमुद्रण लावून त्याच्याबरोबर वाजवा, आणि शक्य असेल तर एखाद्या मित्राला चार पावले दूर उभे राहून ऐकायला सांगा. मग जी तारेवर चौथ्यापासून आठव्या फ्रेटपर्यंतचा प्रत्येक स्वर सारख्या जोराने छेडून विझेपर्यंत थांबा. जो लवकर विझेल तो लक्षात ठेवा, आणि तुम्ही ज्यांना साथ करता त्यांचा षड्ज तोच नाही ना, एवढे पाहून घ्या.