पाइप घेण्याआधी त्याचं तोंड बघा

बागेसाठी पाइप घेताना मी आधी त्याचं कापलेलं तोंड बघते. दोन थरांमध्ये दोऱ्याची जाळी दिसली तरच पुढचं बोलणं. बिनजाळीचा पाइप पुढचं नोझल बंद केलं की फुगतो. मग हातभर भाग वाकवून पाहायचा. चटकन घडी पडली, तर तो प्रत्येक कुंडीच्या कोपऱ्याशी पाणी अडवणार. रबरी पाइप सुरेख वळतो, टिकतोही, पण पाण्याने भरला की ओढताना खांदा बोलतो! म्हणून माझी पसंती जाळीच्या अर्धा इंची पीव्हीसीला. लांबी गरजेपुरतीच, कारण पाइप लांबला की धार मंदावते. जोडणी मात्र पितळेची, प्लास्टिकची उन्हात तडकते. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चांगलंच तापलेलं असतं, ते रोपांवर सोडू नका.