ती काळी यादी कसली?

छापखान्यातून प्रूफ घेऊन कुणी आलं आणि नेमका तेव्हाच मी लॅपटॉप चालू करत असले, की विचारणा होतेच. "ताई, ही काळी यादी कसली येते? एका लॅपटॉपवर दोन-दोन सिस्टिम कशाला?" आणि पाठोपाठ, "मलाही टाकून द्याल का?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याला मी हल्ली पटकन हो म्हणत नाही.

ती काळ्या पडद्यावरची यादी ग्रबची, म्हणजे लॅपटॉप चालू होताना कुठली सिस्टिम उघडायची ते बघणाऱ्या छोट्या प्रोग्रामची. उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) हवंय की विंडोज, एवढंच विचारते. मी तिला दहा सेकंद दिलेत, तेवढ्यात कुणी बोट लावलं नाही तर उबुंटू उघडतं. दोन सिस्टिम अशासाठी, की माझं पोट जुन्या मराठी फाँटांवर चालतं. युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या त्या फाँटांत 'क' म्हणजे खरा 'क' नसतोच, कुठल्यातरी इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं 'क'चं चित्र असतं. फाँट नसेल तर अख्खी लग्नपत्रिका म्हणजे इंग्रजी अक्षरांचा चिवडा. माझ्याकडे येणाऱ्या त्या फायली ज्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या असतात, ते विंडोजवरच चालतं. बाकी लिहिणं-वाचणं मला लिनक्सवर बरं वाटतं. मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे बोटांना फरक कळत नाही. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका सिस्टिमच्या पोटात दुसरी चालवणं, करून पाहिलं होतं, पण ८ जीबी रॅममध्ये दोन्ही सिस्टिम रांगायला लागल्या.

क्रम मात्र पाळावा: आधी विंडोज, मग लिनक्स. लिनक्स आत येताना शेजारी कोण राहतंय ते बघतं आणि त्याचंही नाव यादीत घालतं. विंडोज अशी चौकशी करत नाही. जुन्या बायॉसच्या (मशीन चालू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या) काळात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत एकाच बूटलोडरची, म्हणजे सिस्टिम उघडून देणाऱ्या ग्रबसारख्या प्रोग्रामची सोय होती, त्यामुळे मागून येणारा आधीच्याला पुसून टाकायचा. बायॉसच्या जागी यूईएफआय आल्यापासून डिस्कच्या एकाच छोट्या भागात (पार्टिशनवर) दोघांची वेगळी फोल्डरं असतात. पुसापुशी सहसा होत नाही, फार तर रांगेत कोण पुढे ते बदलतं.

खरा वेळ जातो लिनक्ससाठी जागा काढण्यात. माझी डिस्क २५६ जीबीची, विंडोज ती २३८ दाखवतं (बनवणारे हजाराने मोजतात, विंडोज १०२४ने, कुणी काही चोरलेलं नसतं). त्यातली १२० रिकामी होती. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर 'श्रिंक व्हॉल्यूम' केलं, तर म्हणे १९ जीबीच मिळेल. कारण पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची फाइल), हायबरनेशनची फाइल (बंद करताना चालू काम जपून ठेवणारी) अशी काही मंडळी जागची हलत नाहीत, आणि त्यातली एक जरी मध्यावर बसली असली तरी तिच्या अलीकडची रिकामी जागा हाती लागत नाही. हायबरनेशन बंद केलं, पेजफाइल तात्पुरती काढली, रीस्टार्ट केलं, तेव्हा ९० जीबी सुटली. हायबरनेशन गेलं की फास्ट स्टार्टअपही जातं, आणि तेही जायलाच हवं. ते चालू असेल तर 'शट डाउन' म्हटल्यावर विंडोज झोपल्याचं सोंग घेतं. तशा अर्धवट मिटलेल्या ड्राइव्हवर लिनक्समधून काही लिहिणं म्हणजे फायली पणाला लावणं.

घड्याळाची गंमत मात्र सगळ्यांना सांगते. पहिल्याच आठवड्यात सकाळी दहाला उबुंटूतून विंडोजमध्ये आले, तर कोपऱ्यात पहाटेचे साडेचार! मदरबोर्डवरचं घड्याळ एकच असतं. विंडोज त्याला आपल्या इथली वेळ समजतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे ग्रीनिचची जागतिक वेळ. दोघांत फरक बरोबर साडेपाच तासांचा. चूक कुणाचीच नाही, पण पत्रिकेच्या दोन प्रतींपैकी नवी कुठली, हे फाइलची वेळ बघून ठरवणारीची दुपार त्यात गेली. उबुंटूला एका आज्ञेत 'तूही इथलीच वेळ धर' असं सांगितलं आणि भांडण मिटलं.

मग हो का म्हणत नाही? एका ओळखीच्यांचा नवा लॅपटॉप उबुंटू टाकायला घेतला होता. सवयीने मी आधी सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टिम उघडू न देणारा पहारा) बंद केलं. पुढच्या वेळी निळा पडदा आला आणि बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे किल्ली, मागू लागला. विंडोज ११च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते, मालकाला पत्ताही नसतो. ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, पण ते खातं दुकानातल्या मुलाने काढून दिलेलं, पासवर्ड कुणालाच आठवेना. आत त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो. मी दोन तास घाम पुसत बसले. शेवटी सिक्युअर बूट परत चालू केलं, तेव्हा विंडोज मुकाट उघडलं. मुळात उबुंटूसाठी ते बंद करायची गरजच नव्हती. चूक माझी.

डेस्कटॉप असेल तर मी सरळ दुसरी एसएसडी (वेगळी डिस्क) लावायला सांगते; दोन भावांना दोन खोल्या. लॅपटॉपवाल्यांना आधी लाइव्ह यूएसबी देते, म्हणजे डिस्कवर न टाकता जिच्यावरूनच उबुंटू चालतं अशी पेनड्राइव्ह. आठ दिवस त्यावरून चालवा, वाय-फाय, प्रिंटर, आवाज सगळं बघा, डिस्कला हात लावू नका. निम्मे तिथेच थांबतात.

एवढं करूनही हवंच असेल तर रविवारी या. येताना फोटो वेगळ्या ड्राइव्हवर उतरवून आणा आणि ते ४८ आकडे कागदावर लिहून आणा. आधी कागद बघेन, मग लॅपटॉप.