मॅक पत्त्याचा रकाना भरताना

पुण्यात मी ज्या अभ्यासिकेत बसते, तिथल्या वाय-फायवर नोंदणी केलेलीच यंत्रे चालतात. नोंदणीच्या छापील अर्जात नाव आणि आसन क्रमांक यांच्याखाली ‘यंत्राचा मॅक पत्ता’ असा रकाना असतो. माझा विंडोजचा लॅपटॉप, भावाने विंडोजऐवजी उबुंटू ही कार्यप्रणाली बसवून दिलेला जुना लॅपटॉप आणि धाकट्या बहिणीचे मॅकबुक अशा तीन यंत्रांची नोंद करायची होती. दहा मिनिटांचे काम समजून मी बसले आणि त्यात तीन दिवस गेले.

पहिल्या दिवशी मी १९२.१६८.१.७ असे लिहून दिले. व्यवस्था पाहणाऱ्या काकांनी ते वाचताच खोडले. “ताई, हा आयपी झाला. तुमच्या घरच्या राऊटरने दिलेला. इथे दुसराच मिळणार. मला कार्डाचा पत्ता हवाय.” त्यांचे म्हणणे बरोबर होते, कारण १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखलेले असल्यामुळे तेच आकडे असंख्य घरांत सापडतात. मॅक पत्ता मात्र नेटवर्क कार्डावर ते बनवणारी कंपनीच नोंदवते. तो १२ अंकाक्षरांचा, म्हणजे अंक आणि इंग्रजी अक्षरे मिळून १२ चिन्हांचा असतो आणि त्यांतली पहिली ६ सहसा त्या कंपनीची ओळख असतात.

दुसऱ्या दिवशी विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट ही आज्ञा टंकायची खिडकी उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा ‘ऑल’ जोडून दिली, तेव्हा पडद्यावर भलीमोठी यादी उतरली आणि तिच्यात ‘फिजिकल ॲड्रेस’ ही ओळ एकदा नव्हे, पाच वेळा आली. ‘वायरलेस’ हा शब्द दिसताच मी पहिलाच पत्ता उतरवून घेतला. तो ‘लोकल एरिया कनेक्शन’ नावाच्या आभासी, म्हणजे विंडोजने स्वतःच तयार केलेल्या कार्डाचा होता आणि त्याच्या डोक्यावर ‘मीडिया डिस्कनेक्टेड’ असे स्पष्ट लिहिलेले होते, हे मी पाहिलेच नाही. खरा पत्ता त्याखाली, ‘वाय-फाय’ असे नाव असलेल्या गटात होता. तो लिहून दिला तरी जोडणी होईना, तेव्हा काकांनी अर्ज उजेडात धरला. माझ्या हस्ताक्षरातला इंग्रजी ‘बी’ त्यांनी आठ म्हणून टंकला होता.

उबुंटूने मुळीच त्रास दिला नाही. ‘आयपी लिंक’ एवढे लिहिले की तीन नोंदी येतात. पहिली यंत्राच्या स्वतःपुरती असल्याने तिच्यात सगळी शून्येच असतात आणि ज्या नोंदीचे नाव इंग्रजी ‘डब्ल्यू’ने सुरू होते ती वाय-फायची. भावाने शिकवलेली ‘इफकॉन्फिग’ ही आज्ञा नव्या उबुंटूत आपोआप बसवलेली नसते, एवढाच काय तो अडथळा.

मॅकबुकने मात्र खरी परीक्षा पाहिली. बहिणीने घरी वाय-फायच्या तपशिलात दिसणारा पत्ता पाठवला, मी तो स्वच्छ अक्षरांत लिहिला, तरीही पासवर्ड बरोबर असून यंत्र जोडले जाईना. कार्यप्रणालीच्या २०२४ मध्ये आलेल्या सेकोइया आवृत्तीपासून मॅकबुक प्रत्येक जाळ्यासाठी वेगळा, बनवलेला पत्ता वापरू शकते. आयफोनवर ही सोय २०२० पासून आहे. कोणी माग काढू नये म्हणून केलेली ही युक्ती चांगलीच आहे, पण घरी दिसलेला पत्ता अभ्यासिकेत पोहोचणारच नव्हता. अभ्यासिकेच्या जाळ्यापुरता ‘प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस’ हा पर्याय बंद केल्यावर मूळ पत्ता दिसला.

असा बनवलेला पत्ता ओळखण्याची खूण काकांनीच सांगितली: दुसरे अंकाक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो कार्ड बनवणाऱ्या कंपनीने दिलेला नाही. घरी येऊन मी विंडोजची यादी पुन्हा काढली. वाय-फायचा पत्ता ‘३सी’ने सुरू होत होता आणि मी आधी उतरवलेला आभासी कार्डाचा ‘३ई’ने; बाकी सगळे तंतोतंत सारखे होते.

तिन्ही यंत्रे आता चालतात. मोबाइलचा रकाना मी अजून रिकामाच ठेवला आहे.