आकडा सांगितल्यावर

कॉल सुरू होऊन चौदा मिनिटं झाली होती. मी माझा आकडा सांगितला आणि गप्प बसले. समोरच्या कागदावर सकाळीच मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, ‘आकडा सांगायचा. मग बोलायचं नाही.’

मी चित्रकार आहे, फ्रीलान्स काम करते. हे काम मुलांच्या पुस्तकाचं होतं, २४ चित्रं. प्रकाशनाने कळवलेल्या दराला मी जवळजवळ होकार दिलाच होता. आमच्या घरात कुणी कधी इन्व्हॉइस पाठवलेलं नाही, आणि मी ज्या समाजातून येते तिथलं या क्षेत्रात माझ्या ओळखीचं कुणीच नाही. इतरांना चालू दर कुणा मामाकडून, कॉलेजच्या सीनियरकडून कळतो. मी अंदाजाने आकडा लिहायचे आणि काम हातचं जाईल या भीतीने पाठवायच्या आधी तो आणखी कमी करायचे. वर्षानुवर्षं.

या वेळी एका मैत्रिणीने आपणहून तिचा दर सांगितला. प्रकाशन तेच, अनुभव दोघींचा सारखा, आणि दर मला देऊ केलेल्याच्या पावणेदोनपट. त्या रात्री झोप लागली नाही.

उठून हिशेब मांडला. आठवड्याचे पाच दिवस धरले तर वर्षाचे २६०. सुट्ट्या आणि आजारपणात ३० गेले. उरलेल्या २३० दिवसांत चित्रांना मिळतात रोजचे जेमतेम पाच तास, बाकी वेळ काम शोधण्यात आणि थकलेल्या पैशांमागे लागण्यात जातो. म्हणजे ११५० तास. आठ तासांच्या नोकरीत सुट्ट्या धरून २०८० तासांचा पगार मिळतो. नुसती तेवढी कमाई व्हायची तरी माझा ताशी दर १.८ पट हवा. विमा आणि म्हातारपणाची तरतूद यात धरलेलीच नाही.

कॉलवरच्या शांततेनंतर संपादिका म्हणाल्या, “तुमच्यासारख्या कलाकारांना संधी मिळावी म्हणूनच तर आम्ही तुमच्याकडे आलो.” त्यांनी ते मनापासून म्हटलं असावं. तरीही पोटात कळ आली. घशाशी आलेलं ‘बरं, चालेल’ मी गिळलं.

“त्याबद्दल आभार, मॅडम. पण चित्रं तेवढीच आहेत, बदलांच्या फेऱ्याही तेवढ्याच. मग दर कमी का?”

मैत्रिणीचं नाव घेतलं नाही. त्यांनी विचारलं, थोडं खाली येता येईल का? मी म्हटलं, येईन, पण मग चित्रं १८ होतील. नुसता आकडा खाली आणायचा नाही, कामही त्या प्रमाणात कमी करायचं, हे मी आधीच ठरवलं होतं. मग कराराकडे वळलो. त्यात ‘सर्व माध्यमांतले सर्व हक्क, कायमचे’ असं होतं. मी छापील आवृत्तीपुरते पाच वर्षांचे हक्क देऊ केले. पैसे ९० दिवसांनी मिळणार होते, मी ३० मागितले. हा आकडा हवेतून काढलेला नव्हता. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून फ्रीलान्सरांसाठी कायदा आहे, त्यात करारात तारीख नसेल तर काम संपल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे.

संध्याकाळी सुधारित करार आला. दर मागितला तोच, हक्क छापील आवृत्तीपुरते, पण सात वर्षांचे. पैसे ४५ दिवसांत. ॲडव्हान्स मात्र नाकारला होता. मी दोनदा वाचला आणि सही केली.

त्याच रात्री जुन्या तीन क्लायंटना नवा दर कळवला. दोघांनी मान्य केला. तिसऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही.