हातावर ठेवलेले वीस रुपये

धारूर, ८ जून

काल संध्याकाळी ऊसतोड कामगारांच्या वस्तीवरून निघताना मावशींनी माझ्या कपाळाला कुंकू लावले आणि हातावर वीस रुपयांची नोट ठेवली. ती नोट आता या वहीत आहे आणि आज दिवसभर दुसरे कोणतेही काम करताना माझे मन तिच्याकडेच जात राहिले. "आम्हाला घेता येत नाही" असे मी दोनदा म्हणाले होते. त्यावर त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा घरी आलीस, लेकीला मोकळ्या हातानं कसं लावून देऊ?" मग मला काही बोलता आले नाही.

त्याआधी सव्वा तास मी त्यांच्या ओसरीवर बसून प्रश्नावली भरत होते. मुकादमाकडून आगाऊ उचल किती घेतली, किती फिटली, खाडे किती झाले, अंगावर बाकी किती राहिली, सारे विचारले. मावशींना सगळा हिशेब तोंडपाठ होता. काका मध्येच चुकले की त्याच दुरुस्त करत होत्या. दसऱ्याच्या आधी कोयत्यावर, म्हणजे दोघांच्या जोडीवर, १ लाख २० हजारांची उचल घेतली होती आणि हंगाम संपून पट्टा पडला तेव्हा १८ हजार अंगावर राहिले. हा आकडा मी माझ्याच हाताने रकान्यात लिहिला आणि दहा मिनिटांनी त्याच घरातून वीस रुपये घेऊन बाहेर पडले.

रात्री झोप येईना म्हणून हिशेब मांडला. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनामागे ३६६ रुपयांच्या आसपास गेला. त्या दराने वीस रुपये म्हणजे साधारण पंचावन्न किलो ऊस होतो. पहाटेच्या थंडीत काकांनी तो बुडख्याशी तोडायचा, मावशींनी वाढे आणि पाचट काढून मोळी बांधायची आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. पण यातला मावशींचा वाटा किती, हे मला काढता आले नाही, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि दोघांची मजुरी कोयत्याच्या नावे लागते. उचलीच्या व्यवहारात मजूर नेणाऱ्या मुकादमासमोर अंगठा काकांचा होता. माझ्या प्रश्नावलीचा पहिला रकानाही 'कोयताधारकाचे नाव' असाच आहे आणि तिथेही मी काकांचेच नाव लिहून आले. माहिती सगळी मावशींनी दिली.

शस्त्रक्रियेचा प्रश्नही विचारला. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, हे मी प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लिहिले आहे. मावशींनी उत्तर ज्या सहजतेने दिले, त्याबद्दल आज लिहवत नाही.

आम्ही प्रत्येकाला जे संमतिपत्र वाचून दाखवतो, त्यात एक ओळ आहे: 'सहभागाबद्दल कोणताही मोबदला दिला जाणार नाही.' ही ओळ मी आतापर्यंत तीस-पस्तीस ओसऱ्यांवर मोठ्याने वाचली आहे आणि वाचताना मला नेहमी बरे वाटत आले आहे, कारण तिच्यात लपवाछपवी नाही. माहिती देणाऱ्या बाईनेच आपल्याला काही दिले तर काय करायचे, याबद्दल मात्र त्या कागदावर एक शब्दही नाही. आठ आठवडे पूर्ण झाले की मला क्रेडिट मिळेल, प्रमाणपत्र मिळेल, प्रबंधाला एक प्रकरण मिळेल. मावशींचा सव्वा तास गेला, चहाची साखर गेली आणि वर वीस रुपये गेले.

खरे सांगायचे तर नोट हातात आली त्या क्षणी मला आधी बरे वाटले होते, आणि तेच मला सगळ्यात जास्त टोचते आहे. मे महिन्याचे विद्यावेतन अजून आलेले नाही. कामगारांच्या हक्कांचे काम करणाऱ्या ठिकाणी आपलेच पैसे मागायची लाज का वाटावी, म्हणून मी परवा रात्री रडले होते. महिलांना एसटीला अर्धे तिकीट आहे म्हणून माझे फिरणे तरी चालू आहे. आज तिथल्या ताईंना दोन हजार आगाऊ मागावेत, असे मनात ठरवूनही ठेवले होते. सकाळी त्यासाठी कागद लिहायला बसले आणि 'उचल' हाच शब्द आधी लेखणीतून उतरला.

तो कागद मी पुढे लिहिला नाही. विद्यावेतन थांबले तर माझे जेवण साधे होते, फार तर आप्पांना फोन करावा लागतो. ताप आला म्हणून मी दोन दिवस वस्तीवर गेले नाही तर कोणी खाडा धरून पैसे कापत नाही आणि माझी बाकी पुढच्या हंगामात माझ्या मागे येत नाही. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आगाऊ रकमेपोटी सक्तीने काम करून घेण्याविरुद्धच आहे, हे मी परीक्षेत दोन पाने भरून लिहिले होते. बाकी फेडायला मावशी येत्या दसऱ्यानंतर पुन्हा जाणारच आहेत. आत्ता माझे पैसे अडकलेत तेवढे अडकू देत. ताईंना उद्या सरळ विचारीन, येतील तेव्हा येतील.

दुपारी ताईंना नोटेचे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "परत नेऊन देऊ नकोस गं, तिला लागेल ते." मीही तेच ठरवत होते, तरी दुसऱ्या कोणी म्हटल्यावर थोडे हलके वाटले.

आता प्रश्नावली पुन्हा उघडली आहे. पहिल्या रकान्यात काकांच्या नावापुढे मावशींचे पूर्ण नाव लिहिले. आधीच्या प्रश्नावल्यांतली अकरा नावे माझ्याकडे नाहीत, त्यांच्यासाठी पुन्हा त्या त्या वस्तीवर जावे लागेल. सर्वांत खाली शेऱ्याचा रकाना आहे, तो मी सहसा रिकामा सोडते. तिथे लिहिले: 'निघताना माहिती देणाऱ्या बाईंनी २० रुपये दिले, ते घेतले.' सर काढायला सांगतील तेव्हा त्यांच्याशी बोलेन.